गाडी पळतेय पण कंबर धरलीय

मागच्या वेळी आरव्हीत, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, राहणाऱ्या मंडळींना म्हटलं होतं की गुडघे, कंबर, मान, बोटं जे काय दुखतंय त्याबद्दल लिहून पाठवा, तर एवढी पत्रं आली की मलाच वाटलं या चाकांवरच्या घरात धडधाकट माणूस कोणी राहतं का नाही. सगळी घेता येणार नाहीत, सहा घेतलीयेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि चार वर्षं नवऱ्याबरोबर मोटरहोममधे राहतेय, त्यामुळे यातले निम्मे त्रास मला पुस्तकातून माहिती आहेत आणि निम्मे अंगावर काढून. औषधांचे डोस मात्र मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांचं काम.

प्रश्न: नमस्कार ताई. वय ६३. रिटायर झाल्यावर मी आणि मिसेस मोटरहोममधे राहायला आलो त्याला सात महिने झाले. सकाळी उठल्यावर कंबर ठीक असते, पण नाश्त्यापर्यंत अशी धरते की मोजे घालायला बायको लागते. मुलीकडे आठवडाभर राहिलो तर काहीच त्रास नाही. सगळे म्हणाले गादी मऊ आहे, म्हणून ती काढून फळीवर पातळ गादी टाकली तर अजूनच वाईट. आता काय जमिनीवर झोपू?

उत्तर: नका हो काका, जमिनीवरून उठताना जी कसरत होईल तिनंच कंबर जाईल. कडक गादी म्हणजे पाठीला चांगली हे आपल्या डोक्यात कोणी भरवलं कोण जाणे. २००३ साली स्पेनमधे कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर याची नीट चाचणी झाली, अर्ध्यांना कडक गादी आणि अर्ध्यांना मध्यम कडक, आणि मध्यमवाल्यांना जास्त आराम पडला. तेव्हा फळीवरून उतरा. जुनी गादी बसलेली असेल तर तिच्यावर दोन-तीन इंचाचा चांगला टॉपर, म्हणजे गादीवर घालायचा जाड थर, टाकून बघा, अख्खी नवीन गादी घ्यायच्या आधी एवढंच करा, कारण या गाड्यांमधल्या पलंगांची मापं वेगळी असतात, कोपरे कापलेले असतात, घरची गादी त्यात बसत नाही.

पण मला खरं तर गादीचा संशय कमीच आहे. तुम्हीच लिहिलंय की उठल्यावर ठीक असते आणि नाश्त्यापर्यंत धरते. म्हणजे जे होतंय ते मधल्या तासाभरात होतंय. तर आता मी सांगते तुम्ही काय करत असाल आणि चुकलं तर कळवा. पलंग तीन बाजूंनी भिंतीला चिकटलेला, तुम्ही आतल्या बाजूला झोपता, म्हणजे उठताना बायकोच्या पायांवरून रांगत बाहेर. मग गुडघ्यावर बसून पुढे वाकून चादर भिंतीच्या फटीत खोचायची. मग पलंग वर उचलून खालच्या खणातून काहीतरी काढायचं. मग फ्रिज, जो गुडघ्याच्या उंचीवर आहे, त्याच्यात डोकं घालून दूध शोधायचं. आणि मग बाहेर जाऊन टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची टाकी, ओढून काढायची, जी भरली की अठरा-वीस किलोची होते, आणि ती सुद्धा हात लांब करून, वाकून, तिरकं होऊन.

ही सगळी कामं दुपारी केली तर कदाचित चालून जातील. सकाळी नाही. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, म्हणून तर सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर तरी उंच असतो, आणि अशा टम्म फुगलेल्या चकतीवर वाकलं की ताण कितीतरी जास्त येतो. १९९८ साली एक अभ्यास झाला होता, जुन्या कंबरदुखीच्या लोकांना फक्त एवढंच शिकवलं की उठल्यावर पहिले दोन तास कमरेतून वाकायचं नाही, आणि तेवढ्यानं त्यांचं दुखणं कमी झालं. गोळी नाही, काही नाही. तुम्हाला दोन तास जमणार नाही, निदान पहिला तास सांभाळा. पलंग सकाळी आवरूच नका, दुपारी आवरा, कोण बघायला येतंय. बाहेरच्या बाजूला तुम्ही झोपा. दूध, चहाचं सामान, गोळ्या सगळं रात्रीच ओट्यावर किंवा छातीच्या उंचीच्या कप्प्यात काढून ठेवा. मोजे पाय मांडीवर घेऊन बसून घाला. कॅसेट संध्याकाळी रिकामी करा आणि अर्धी भरली की लगेच करा, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील, आणि चाकं असतील तर ओढतच न्या.

एक अजून, गाडी उभी करताना लेव्हल नीट बघता का? बरेच जण फ्रिज चालण्यापुरतीच गाडी सरळ आहे ना एवढंच बघतात. पलंग आडवा असेल आणि गाडी एका बाजूला कललेली असेल तर रात्रभर तुमचं शरीर घसरू नये म्हणून स्नायू धरून बसतात. पलंगावरच एक छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. पंधरा दिवसांनी कळवा काका, आणि हे सगळं करूनही सकाळचा आखडलेपणा तासाभराच्या पुढे टिकत असेल, मुलीकडे सुद्धा, तर मात्र डॉक्टरांकडे जा, तो मग गाडीचा दोष नाही.

प्रश्न: मी ४८ वर्षांची, ड्रायव्हिंग बहुतेक मीच करते कारण नवऱ्याला रात्रीचं नीट दिसत नाही. दिवसाला सहा-सहा तास चालवणं होतं. उजव्या ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ येते, उतरल्यावर दोन मिनिटं सरळ उभं राहता येत नाही. सीटवर सगळ्या प्रकारच्या उशा लावून झाल्या.

उत्तर: सहा तास सलग चालवणं हाच आजार आहे, उशी बिचारी काय करणार. बसलेल्या माणसाचा कणा साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त दाद देतो, म्हणजे तेवढ्या गतीचा हादरा असला की तो अंगात वाढूनच जाणवतो, आणि मोठ्या गाड्यांचे हादरे नेमके त्याच्या आसपासचे असतात. युरोपियन युनियनने २००२ साली कामावरच्या लोकांसाठी दिवसाला किती हादरे चालतील याची मर्यादा घालून दिली ती उगीच नाही. आपण स्वतःच्याच गाडीत बसतो म्हणून आपल्याला मर्यादा नाही असं थोडंच आहे.

तर आधी टायरमधली हवा बघा. भरपूर लोक भीतीपोटी टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी हवा भरतात आणि मग गाडी दगडासारखी उडते. गाडी सामानसुमान भरून वजनकाट्यावर न्या, पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा भरा. कमी भरू नका, ते धोक्याचं, पण बरोबर तेवढी भरा.

मग सीट. गोल फिरणारी सीट आहे का? त्या फिरणाऱ्या प्लेटमुळे सीट काही सेंटीमीटर वर जाते आणि उंचीने कमी असणाऱ्या बायकांचे पाय अधांतरी राहतात, मांडीखालची कड रुतते, आणि उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ताणून धरला की नेमकी तुम्ही सांगताय तीच कळ. पायाखाली फळी वगैरे ठेवायचा विचार सुद्धा करू नका, पेडलखाली गेली तर संपलं. खालचा बेस कमी उंचीचा मिळतो का ते बघा किंवा फिरणारी प्लेट काढून टाका. सीटची पाठ फार मागे टाकू नका, कमरेच्या खळग्यात टॉवेलची एक गुंडाळी पुरे, बाकीच्या सगळ्या उशा काढा. मागच्या खिशात पाकीट किंवा फोन असेल तर तो पण. रस्ता मोकळा असेल तिथे क्रूझ कंट्रोल लावा म्हणजे उजवा पाय हलवता येतो. आणि दीड तासाच्या वर सलग नाही. गजर लावा, उतरा, गाडीभोवती चार चकरा मारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. पोचल्या पोचल्या काही उचलू नका. तासंतास बसून आणि हादरे खाऊन कमरेचे लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारे पट्टे, सैल पडलेले असतात, स्नायू झोपलेले असतात, आणि आपण काय करतो तर गाडी थांबली की उडी मारून लगेच ठोकळे लाव, जॅक खाली कर, पाण्याचा कॅन काढ. दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं. पाच-साडेपाच तास चालवून पोचलो, अंधार पडत आलेला, मी घाईघाईत बाजूच्या लॉकरमधून वीस लिटरचा भरलेला कॅन एका हातानं बाहेर ओढला, वीस लिटर म्हणजे वीस किलो हे मी पेशंटना रोज सांगते, आणि खट्कन काहीतरी झालं. कॅन खाली, मी त्याच्यावर ओणवी, ना वर होता येतंय ना खाली बसता येतंय. नवऱ्याला वाटलं मी गळती शोधतेय, तो म्हणतो अगं टॉर्च देऊ का. तीन दिवस गाडी तिथेच उभी. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, पोचलं की आधी दहा मिनिटं नुसतं चालायचं, मग कामं. आणि कॅन दहा लिटरचेच, वीसचे देऊन टाकले.

पोटरीचं एक लक्षात ठेवा. चार तासांच्या वर बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दाबल्यावर दुखणं असं काही दिसलं तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट इमर्जन्सी.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना संधिवात आहे, रुमॅटॉइडवाला. आठवड्यातून एकदा गोळ्या आणि पंधरा दिवसांनी इंजेक्शन, ते फ्रिजमधे ठेवावं लागतं. आम्हाला वर्षभरासाठी निघायचंय. सगळे म्हणतात वेडेपणा आहे. बोटांनी नळ सुद्धा फिरवता येत नाही त्यांना.

उत्तर: वेडेपणा नाहीये मावशी, पण निघायच्या आधीची तयारी तुमची जरा जास्त. इंजेक्शनपासून सुरुवात करू. असली इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीमधे ठेवायची असतात आणि गाडीतला फ्रिज हा या बाबतीत अजिबात विश्वासू प्राणी नाही. गॅसवर पण चालणारे जे फ्रिज असतात ते गाडी कललेली असली की नीट थंड करत नाहीत, कडक उन्हात हात टेकतात, आणि उलट रात्री गारठा पडला की मागच्या थंड पट्ट्यांजवळ ठेवलेली वस्तू गोठवून टाकतात. आणि एकदा गोठलं की ते इंजेक्शन फेकायचंच, वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी. तेव्हा कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा छोटा थर्मामीटर आणा, इंजेक्शनचा डबा मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकता ठेवा, आणि निघायच्या आधी आठवडाभर गाडी दारात उभी करून रोज आकडे लिहा. जमत नसेल तर कॉम्प्रेसरवाला छोटा वेगळा फ्रिज घ्या फक्त औषधासाठी. फ्रिज बंद पडला तर हे इंजेक्शन बाहेर किती दिवस टिकतं हे डॉक्टरांना आत्ताच विचारून पाकिटावर लिहून ठेवा, प्रत्येक औषधाचं वेगळं असतं.

आठवड्यातून एकदाची गोळी मेथोट्रेक्सेट असेल तर तिचा वार पक्का करा. प्रवासात आज कुठला वार हेच विसरायला होतं, आणि ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे मी घाबरवायला सांगत नाहीये. कॅलेंडरवर खूण, फोनवर गजर, आणि डबा तुमच्या ताब्यात. रक्ताच्या तपासण्या, लिव्हर आणि पेशींच्या, त्या पण ठरलेल्या अंतराने करायच्या असतात, त्या गावाबाहेर असताना कुठे करायच्या आणि रिपोर्ट कोणाला पाठवायचे हे डॉक्टरांशी बोलून ठेवा. औषधांची आणि निदानाची एक चिठ्ठी त्यांच्या सहीची, तिचा फोटो दोघांच्या फोनमधे.

बोटांचं तर सोपं आहे, गाडी त्यांच्या हाताप्रमाणे बदलायची. गोल नळ काढून दांडीचे लावा, कोपरानं पण उघडतात. पाण्याच्या पाईपला पिळायचे जोड असतात तिथे दाबून बसणारे लावा. जॅक हातानं फिरवायचे असतील तर बॅटरीवाल्या ड्रिलला बसणारं सॉकेट मिळतं, पण अशा ड्रिलला झटका येतो म्हणून साइड हँडल लावून दोन्ही हातांनी धरायचं, नाहीतर मनगट जाईल, आणि खरं सांगू का, ते काम तुम्हीच घ्या. कपाटांचे ते बोट घालून दाबायचे खटके असतात ना, ते संधिवाताच्या बोटांना छळ आहे, त्यांना छोट्या दोरीच्या किंवा पट्ट्याच्या कड्या करा म्हणजे अख्ख्या मुठीनं ओढता येतं. आणि सूज चढलेल्या दिवशी गाडी हलवायची नाही, प्रोग्रॅम कितीही बिघडो. वर्षभराचा प्लॅन करताना असे दिवस धरूनच करा.

प्रश्न: गुडघ्यांची झीज, दोन्ही. गाडीच्या पायऱ्या उंच आहेत, दिवसातून पन्नास वेळा चढउतर होते. ऑपरेशन टाळायचंय.

उत्तर: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही सारखेच असतील तर जो कमी दुखतो तो चांगला. काठी असेल तर ती जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात. शेवटची पायरी आणि जमीन यात जे अंतर असतं ना तेच खरं खलनायक, तिथे रुंद, जड, न हलणारा एक चौथरा ठेवा, घडीचं स्टूल नको. दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला मजबूत हँडल, ते फ्रेममधे बसवलेलं, नुसतं पातळ पत्र्यात स्क्रू मारलेलं नको, मी असं एक हँडल माणसासकट निघून आलेलं पाहिलंय. फार दुखत असेल त्या दिवशी हँडल धरून शिडीवरून उतरतो तसं तोंड गाडीकडे करून उतरा, काही लाज नाही त्यात.

वजन जास्त असेल तर थोडं कमी केलं तरी फायदा दिसतो, एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. आणि जागा नाही म्हणून व्यायाम नाही असं पुढच्या पत्रात लिहू नका, अनेकांनी लिहिलंय तसं. बाकावरून हात न लावता दहा वेळा उठायचं आणि हळूहळू बसायचं, ओटा धरून टाचा वर उचलायच्या, बसून पाय सरळ करून दहा मोजायचे. एवढ्याला दोन फूट जागा पुरते. गुडघ्याच्या झिजेवर व्यायाम हा पहिला उपचार आहे, गोळ्या नंतर. आणि त्या गोळ्यांबद्दल, दुकानातून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोजच्या रोज खाऊ नका, पोट, किडनी आणि ब्लड प्रेशर तिघांनाही त्या महागात पडतात.

प्रश्न: थंडी पडली की सांधे धरतात. गाडी घेऊन कायम उबदार भागातच राहिलं तर दुखणं जाईल का?

उत्तर: जाणार नाही, पण सकाळ सोपी होईल. हवामान आणि सांधेदुखी याबद्दलचे अभ्यास एकमेकांशी भांडतात, काहींना संबंध दिसतो काहींना नाही. ऊब मिळाली की आखडलेपणा सैल होतो एवढं मात्र खरं, आणि उबदार जागी माणूस बाहेर पडून चालतो हा त्याहून मोठा फायदा. थंडीतच राहायचं असेल तर उठायच्या अर्धा तास आधी हीटर लागेल असा टायमर लावा आणि गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका. गॅसची शेगडी पेटवून ऊब करू नका, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मरतात, आणि अलार्म नसेल तर हे वाचून झाल्यावर आधी तो आणा.

प्रश्न: वय ७१, एकटा राहतो. पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर आहे, शिडीनं चढतो. मणक्याची नळी अरुंद झालीय असं निदान आहे. हल्ली पाय जड होतात आणि बधिरपणा येतो. मी बऱ्याचदा वस्तीपासून लांब थांबतो, डॉक्टरकडे कधी पळायचं हे कसं ठरवू?

उत्तर: हे नीट वाचा आणि कागदावर उतरवून दाराला चिकटवा. लघवी होत नाहीये किंवा नकळत होतेय, संडासवरचा ताबा गेलाय, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर झालाय, किंवा पायातली ताकद वाढत्या प्रमाणात जातेय, पाऊल लटकतंय, यातलं एक जरी झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी मदत बोलवायची, आणि गाडी स्वतः चालवत जायचं नाही कारण पाय ब्रेकवर बसेल की नाही याची खात्री नसते. यात तास मोजले जातात. पाठदुखीबरोबर ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल तर त्याच दिवशी दाखवा, कारण नसताना वजन उतरत असेल तर त्या आठवड्यात.

थोडं चाललं की पाय जड होणं आणि पुढे वाकलं किंवा बसलं की बरं वाटणं हे तुमच्या निदानात नेहमीचं आहे, त्यासाठी पळू नका, पण हल्ली म्हणताय म्हणजे वाढतंय, तर पुढच्या पंधरवड्यात एकदा दाखवून घ्या. जिथे फोनला रेंज नाही तिथे एकट्यानं मुक्काम करू नका सध्या.

आणि तो माळा आजपासून बंद. बधिर पाय, अंधार, रात्री दोनदा लघवीला उठणं आणि वर उभी शिडी, यातून काय होणार हे मी वेगळं सांगायला नको. डायनेटचं, म्हणजे जेवायच्या बैठकीचं, टेबल खाली पाडून पलंग होतो ना, तोच कायमचा करा, उशांच्या फटींवर एक सलग टॉपर टाका म्हणजे कमरेत खड्डा पडणार नाही. कुशीवर झोपून गुडघे थोडे वर घेतले की तुमच्यासारख्यांना बरं वाटतं, गुडघ्यांच्या मधे एक उशी. जेवायला टेबल राहणार नाही म्हणाल, तर ओट्याला लावायची घडीची फळी मिळते. माळ्यावर हलकं सामान ठेवा, पांघरुणं वगैरे, आणि ते सुद्धा दुसरं कोणी आलं की त्याच्याकडून वर ठेवून घ्या.